कापसाने पुसलेला पेला

तेलाची परीक्षा जिभेने करणाऱ्या माणसाच्या हाताखाली मी नोकरी केली. स्वातंत्र्य मिळून थोडी वर्षं झाली होती, वाशीमला वीज नवी होती आणि वीज म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नव्हतं अशाच लोकांनी ती विकायची कंपनी काढली होती. मालक स्वतः कधी फिरकत नसत. त्यांनी आपला मेहुणा मॅनेजर म्हणून बसवला होता. या गृहस्थाने आधी तेलाची गिरणी चालवायला घेऊन बुडवली होती. ट्रान्सफॉर्मरात तेल असतं आणि मेहुण्याला तेलातलं कळतं, एवढ्या हिशेबावर ही नेमणूक झाली. मला हे कोणीतरी थट्टेने सांगतंय असं आधी वाटलं. नंतर कळलं, मालक अगदी गंभीरपणे असं म्हणाले होते.

मी अमरावतीचा. नागपूरला विजेचा डिप्लोमा केला आणि इथे लागलो. माझं काम तेल तपासायचं. ट्रान्सफॉर्मरच्या पोटात तांब्याच्या तारेची वेटोळी तेलात बुडवलेली असतात. त्या तेलाने दोन कामं करायची: वेटोळी थंड ठेवायची आणि वीज जिथे जायला नको तिथे तिला अडवून धरायची. त्यात पाण्याचा नुसता अंश गेला किंवा कचरा गेला, तरी ते अडवणं संपतं आणि मग एक दिवस अख्खा ट्रान्सफॉर्मर फुटतो. म्हणून तेल भरण्याआधी तपासतात. कंपनीने त्यासाठी यंत्र आणलं होतं. एक काचेचा पेला, त्यात समोरासमोर दोन पितळी गोळे, मध्ये बारीकशी फट. पेला तेलाने भरायचा आणि चाक फिरवत विजेचा दाब वाढवत न्यायचा. चांगलं तेल चाळीस हजार व्होल्टचा दाब एक मिनिट निमूट सोसतं. वाईट असेल तर मध्येच दोन गोळ्यांमध्ये निळी ठिणगी कडाडते आणि काटा शून्यावर पडतो. यात कोणाची ओळख चालत नाही, भीड चालत नाही. गावात असं दुसरं काहीच नव्हतं, म्हणून मला ते यंत्र फार आवडायचं.

मॅनेजरला ते आवडत नसे. पिंप उघडलं की तो करंगळी बुडवायचा, दोन बोटांत तेल चोळून बोटं लांब करायचा, मग तळहातावर घेऊन हुंगायचा आणि शेवटी जिभेला लावायचा. डोळे मिटून थोडा वेळ उभा राहायचा. मग तोंड वाकडं करायचा.

"याले ना वास, ना चव, ना तार," तो म्हणायचा. "हे कायचं तेल बाबू? हे तं पानी हाये."

मी त्याला सांगायचो, शेठजी, हे जमिनीतून काढलेलं तेल आहे, ते पातळच हवं, पातळ असलं तरच ते फिरतं आणि उष्णता बाहेर नेतं. तो मान डोलवायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा करंगळी. शेंगदाण्याच्या तेलाची पारख ज्याने वीस वर्षं केली त्याला जगातलं सगळं तेल कढईतच दिसायचं. त्याबद्दल त्याला दोष द्यायला नको, असं म्हणणारे भले लोक मला पुढे भेटले. मी देतो.

गंमत अशी की ज्या तेलाला तो पाणी म्हणायचा, तेच बाटल्या भरभरून गावात वाटायचा. या तेलाने गुडघेदुखी जाते अशी कोणीतरी हूल उठवली होती. विजेचं तेल, म्हणजे त्यात वीज असणारच, आणि ती सांध्यात उतरणार. तहसीलातल्या बाबूची आई, सराफाची सासू, शाळेचे हेडमास्तर, सगळ्यांचे गुडघे आमच्या पिंपांवर अवलंबून होते. नोकर रिकामी बाटली घेऊन यायचा, मॅनेजर स्वतः नळी लावून ती भरून द्यायचा आणि वर "आमची आठवन सांगा बरं" असं म्हणायचा. विजेला अडवणं एवढंच ज्या तेलाचं काम, ते विजेने भरलेलं आहे म्हणून लोक चोळून घेत होते. मी एकदा हे हेडमास्तरांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, मला तरी फरक पडला आहे.

पिंपांवर एक चौकीदार होता. पोहरादेवीकडच्या एका बंजारा तांड्यावरचा, माझ्या वडिलांच्या वयाचा. मला तो फारसा आवडत नसे. बोलायचा फार, स्वतःची बढाई मारायचा आणि कंपनीचा खाकी कोट वैशाखातसुद्धा अंगावरून काढायचा नाही. पण त्या कोटाचं त्याला काय होतं ते मला ठाऊक होतं. दरवर्षी पेरण्या आटपल्या की तांडा कामाच्या शोधात बाहेर पडायचा. त्याने आणि त्याच्या बायकोने उमेदीची वर्षं रस्त्याची गिट्टी फोडण्यात घालवली होती. बायकोचा डोळा त्यातच गेला, गिट्टीचा कपचा उडून. या नोकरीमुळे ती दोघं एका जागी राहत होती. गोदामामागच्या खोलीत तिची चूल होती. "आता आमी कुठं जात नाई, साहेब," हे वाक्य तो दिवसातून एकदा तरी मला ऐकवायचाच.

मग दसरा आला. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची, अवजारांची पूजा करतात. सुतार पटाशीची करतो, शिंपी यंत्राची करतो, त्यात वावगं काही नाही. मॅनेजरने माझ्या यंत्राची केली. पेटीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार घातला, इथवर ठीक. पण नमस्कार करून झाल्यावर त्याने पेल्यात हळद, अक्षता आणि झेंडूचं एक फूल टाकलं. मी डोक्याला हात लावला.

दुसऱ्या दिवशी सोनं वाटून झाल्यावर मी तो पेला काढून धुतला आणि पुसू लागलो. यंत्राबरोबर पेला पुसायला एक मऊ कमावलेलं कातडं आलेलं होतं. मॅनेजर दारात उभा.

"हे काय हाये? चामडं?"

"पेला यानंच पुसा लागते, शेठजी. कापडाचे धागे सुटते."

"कालच आपन त्याची पूजा केली अन् तू त्याले चामडं लावून राह्यला? काई समजते का तुले?"

त्याने चिमट्याने ते कातडं उचललं आणि बाहेर फेकायला लावलं. मग पेला घरी नेला, देवघरात ठेवला आणि तपासणीच्या दिवशी तो स्वतः पुसून, दोन्ही हातांत धरून घेऊन येऊ लागला. कशाने पुसायचा? कापसाने. आमच्या मुलखात निर्मळ म्हणजे कापूस. देवाची वात त्याची, बाळाचे डोळे पुसायचे ते त्यानेच, मेलेल्याच्या नाकातही तोच. जिनिंग फॅक्टरीच्या मालकाने खास या कामासाठी पहिल्या वेचणीचा पांढराशुभ्र कापूस पाठवला होता आणि मॅनेजर तो गावभर सांगत होता.

त्यानंतर तेल नापास होऊ लागलं.

त्याच महिन्यात अकोल्याहून ट्रकने नवी पिंपं आली होती. आसेगावच्या वाटेवर नवा ट्रान्सफॉर्मर बसवून ठेवला होता, त्यात ते तेल भरायचं होतं आणि जिनवाला रोज माणूस पाठवून विचारत होता की वीज कधी देता. मी पहिलं पिंप तपासलं. काटा अर्ध्यावर पोचायच्या आत ठिणगी. दुसरं पिंप, तेच. पाणी असेल म्हणून लोखंडाची कांब तापवून तेलात बुडवली; पाणी असतं तर तडतडलं असतं. कांब मुकाट्याने निवली. म्हणजे पाणी नव्हतं, तरीही यंत्र नापास म्हणत होतं.

मॅनेजरला कारण लगेच सापडलं. त्याने करंगळी बुडवली, जीभ लावली आणि गोदामाकडे पाहिलं.

"यात भेसळ हाये. तेल काढून कोनीतरी दुसरं भरलं. पिंपापाशी चोवीस तास कोन राह्यते?"

तांड्यावरचा माणूस म्हणजे चोर, हे आमच्या गावात कोणाला शिकवावं लागत नसे. चार दिवसांत किराणा दुकानापासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना कळलं की चौकीदार तेल विकतो. ज्यांच्या घरी कंपनीच्या तेलाच्या बाटल्या फडताळात उभ्या होत्या, तेच लोक हे सांगत होते. चौकीदार माझ्याकडे आला. नेहमीची बढाई गेली होती.

"साहेब, मी थेंब नाई घेतला. बायकोच्या मांडीले सूज हाये, तिच्यासाठीबी नाई घेतला. तुमी मशीनले इचारा ना."

"मशीनच तं नापास म्हनून राह्यली," मी म्हणालो. त्याने मान खाली घातली. त्या यंत्राला तो रोज सकाळी हात जोडायचा.

नापास का, ते मला एका दुपारी दिसलं. खिडकीतून ऊन थेट पेल्यावर पडलं होतं आणि मी चाक हळूहळू फिरवत होतो. तेलात बारीक तंतू तरंगत होते, एरवी दिसणार नाहीत इतके बारीक. दाब वाढला तसे ते हलले, गोळ्यांकडे सरकले आणि एकामागे एक रांगेला लागले. या गोळ्यापासून त्या गोळ्यापर्यंत त्यांचा पूल झाला आणि त्याच क्षणी ठिणगी पडली. कापूस! पहिल्या वेचणीचा, पांढराशुभ्र, जिनवाल्याच्या मानाचा कापूस. तेल चोख होतं. आम्हीच पेला पुसताना त्यात विजेसाठी पूल बांधून देत होतो.

मी धावतच मॅनेजरकडे गेलो. तो जिनवाल्याबरोबर चहा पीत बसला होता. मी सगळं सांगितलं. दोघांनी कपबशा खाली ठेवल्या.

"म्हंजे कापसानं घान होते म्हनतो तू?" जिनवाला म्हणाला. "वाशीमचा कापूस घान? अरे, हा कापूस कुठकुठं जाते, मालूम हाये का तुले?"

"घान नाई शेठजी, तंतू..."

"अन् चामडं सोवळं!" मॅनेजर म्हणाला आणि दोघंही हसले.

ज्या कापसावर अख्खा मुलूख जगतो तो कुठेतरी कचरा ठरू शकतो, हे त्यांच्या डोक्यात शिरणं शक्यच नव्हतं. त्यापेक्षा एक माणूस चोर ठरणं सोपं होतं. मी मूर्ख लोक पुष्कळ पाहिले आहेत, पण आपल्या मूर्खपणाला इतका सुवास येतो असं वाटणारे हे दोघंच.

मॅनेजरने जाहीर केलं की पंच बोलावून फैसला करायचा. नापास झालेलं एक पिंप त्याने स्वतः आपल्या कचेरीत हलवून घेतलं, दाराला कुलूप लावलं आणि किल्ली जानव्याला बांधली. पंचांसमोर तेल भेसळीचं निघालं की चौकीदाराला पोलिसात द्यायचं. मी मनातून खूश झालो. चारचौघांसमोर यंत्र चालणार होतं आणि पेला कसा साफ करायचा ते मला कळलं होतं. मॅनेजर पुसून आणेल तो आणेल, मी पुसायचाच नाही. त्याच तेलाने दोन-तीनदा विसळायचा, उपडा ठेवून निथळू द्यायचा. चामडं नको, कापूसही नको. तेलाने विसळायला मॅनेजरची हरकत असायचं कारण नव्हतं; तेल त्याला पवित्रच होतं.

"तू भिऊ नको," मी चौकीदाराला सांगितलं. "यंत्र खरं बोलते."

"मंग झालं," तो म्हणाला आणि त्या दिवशी त्याने कोट धुऊन वाळत घातला.

पंच तीन होते. एक तेलाचा ठोक व्यापारी, एक गिरणीवाला आणि तिसरा हाच जिनवाला, ज्याला तेलातलं काही कळत नव्हतं पण ज्याच्यावाचून गावात सत्यनारायणसुद्धा होत नसे. कचेरीचं कुलूप मॅनेजरने सर्वांसमोर उघडलं. खुर्च्या मांडल्या, यंत्र टेबलावर आणून ठेवलं, पानसुपारी फिरली. आधी पंचांची तपासणी. तिघांनी एकाच पिंपात करंगळ्या बुडवल्या, चोळलं, हुंगलं, चाखलं.

"घासलेट हाये याच्यात," व्यापारी म्हणाला.

"नाई बाप्पा," गिरणीवाला म्हणाला, "सरकीचं लागून राह्यलं."

जिनवाल्याने पुन्हा एकदा बोट चाटलं. "मले तं थोडं गोड लागलं."

तीन तोंडांनी तीन चवी सांगितल्या, त्या तेलाला चवच नव्हती, आणि तरी तिघांचं एका गोष्टीवर एकमत झालं की भेसळ आहे. मॅनेजरने विजयाने माझ्याकडे पाहिलं. चौकीदार दाराशी उभा होता, धुतलेल्या कोटाची सगळी बटणं लावून.

मग माझी पाळी. मॅनेजरने घरून आणलेला पेला मी त्याच पिंपातल्या तेलाने विसळला, ते तेल फेकलं, पुन्हा विसळला. निथळू दिला. भरला, वर ताटली झाकली आणि बुडबुडे निघून जाईपर्यंत थांबलो. जिनवाला जांभई देत होता. मी चाक फिरवायला लागलो. काटा वीस हजारांवर गेला. रोज जिथे ठिणगी पडायची ती जागा मागे गेली. तीस हजार. यंत्र गुणगुणत होतं. चाळीस हजारांवर मी हात थांबवला आणि घड्याळाकडे पाहू लागलो.  चौकीदाराचे ओठ हलत होते. मिनिट संपलं, तेल पेल्यात होतं तसंच स्वच्छ उभं होतं, एक ठिणगी नाही.

"पास," मी म्हणालो. माझा आवाज जरा चढलाच असेल. "तेल चोख हाये. भेसळ नाई, चोरी नाई. कापसाचे तंतू धुऊन काढले म्हनून पास झालं."

चौकीदाराने यंत्राला हात जोडले. मॅनेजरचं तोंड उतरलं. क्षणभर मला वाटलं, संपलं एकदाचं. मॅनेजर उठला, पेल्यापाशी आला, करंगळी बुडवून चाखलं आणि त्याचा चेहरा पुन्हा उजळला.

"बराबर हाये," तो म्हणाला. "आता तेल चांगलंच लागून राह्यलं. याले समजलं का पंच येनार, म्हनून भेवानं यानं चोरलेलं तेल परत आनून टाकलं."

पंचांनी माना डोलावल्या. मी ओरडलोच.

"पिंप तुमच्या कचेरीत, किल्ली तुमच्या जानव्याले! यानं टाकलं कुठून?"

"किल्लीचं काय घेऊन बसला," व्यापारी म्हणाला. "या लोकाईले कुलूप म्हंजे काय?"

"अन् तेल आनलं कुठून? अकोल्याच्या अलीकडं हे भेटते कुठं?"

"तुमी शिकलेले पोट्टे," जिनवाला प्रेमाने म्हणाला, "तुमी नाई वळखत याईले. याईले सगळं भेटते."

तेल नापास झालं तेव्हा तो चोर होता, कारण त्याने काढलं. पास झालं तेव्हाही चोर, कारण त्याने परत घातलं. मी आजवर कोणत्या यंत्रात, कोणत्या तेलात, कोणत्या तारेत असा दोष पाहिला नाही. मी त्यांना गाढव म्हणालो, त्यांच्या तोंडावर. कोणाला राग आला नाही. त्यांनी मला पान पुढे केलं.

मॅनेजरने चौकीदाराला जवळ बोलावलं. "पाहाय, तेल भेटलं, आमाले तुह्याशी वैर नाई. परत टाकलं म्हनून कबूल कर, पोलिसात नाई देत. चुपचाप निंघून जा."

चौकीदाराने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पंचांकडे.

"टाकलं, मालक," तो म्हणाला.

त्याने कोटाची बटणं एकेक करून सोडली, कोट काढला, घडी घातली आणि टेबलावर ठेवला. पंचांनी सुस्कारा टाकला. व्यापारी म्हणाला की कबूल केलं म्हणजे माणूस मुळात वाईट नव्हता. जाताना तिघांनीही गुडघ्यासाठी एकेक बाटली भरून नेली, त्याच पिंपातून.

मी यंत्र तसंच टाकून बाहेर पडलो. चौकीदार आणि त्याची बायको आसेगावच्या वाटेला लागली होती. तिच्या डोक्यावर बोचकं, त्याच्या हातात तवा आणि कंदील. मी त्यांना गाठलं. मला त्या तिघांपेक्षा या माणसाचा जास्त राग आला होता आणि तो मी लपवला नाही.

"काहून कबूल केलं? न केलेली चोरी? तेल पास झालं होतं ना तुह्या डोळ्यासमोर!"

तो थांबला. बायको थांबली नाही, ती चालत राहिली.

"झालं ना, साहेब. तेल पास झालं," तो म्हणाला. "मले कुठं कोनी तपासलं?"

मी काही बोलण्याआधी त्याने कंदील दुसऱ्या हातात घेतला आणि बायकोला गाठायला भरभर पावलं उचलली. तिचा एकच डोळा शाबूत होता आणि वाट खडीची होती.